बॉनेटखालचा हिंगूळ

पोळ्याला आठ दिवस उरले होते. लाल गाडीचं इंजिन बाहेर काढून ट्रॅक्टरच्या जुन्या टायरवर ठेवलेलं होतं, आणि ते बघायला रविवारी सकाळी सगळं घर रस्त्याकडेच्या टमाट्याच्या शेडमध्ये जमलं होतं. जमलेल्यांपैकी निम्म्यांना पाना कुठल्या बाजूनं धरायचा हेही माहीत नव्हतं. पण मत नसलेला माणूस या घरात अजून जन्माला यायचा होता, त्यामुळे गाडीभोवती काम एकटी अक्षदा करत होती आणि सल्ल्यांना तोटा नव्हता.

सगळ्यात पुढे भरत, घराचा धनी भिमाजी याचा थोरला लेक. पांढराफेक कडक शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एकही उठत नसेल. दोन निवडणुका पडूनही त्याच्या चालण्यातला निवडून आल्याचा तोरा काही गेला नव्हता. यंदा त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं, आणि ते लाल गाडी मिळवून देणार अशी त्याची खात्री होती. पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या एका क्लबनं गाडीला प्रदर्शनाला बोलावलं होतं. तिथे वजनदार मंडळी येणार. उघड्या टपाच्या गाडीत उभं राहून हात जोडलेला फोटो कसा येईल, हे भरतनं आरशासमोर करून बघितलं होतं म्हणतात. मी म्हणत नाही, त्याची बायको म्हणते.

अडचण एवढीच होती की क्लबवाले बॉनेट उघडून बघणार होते. इंजिन बसतं त्या खणाचा आतला रंग गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा, मूळचाच पाहिजे, असं त्यांच्या पत्रात लिहिलं होतं. आणि आमच्या गाडीच्या त्या खणात एक्कावन्न पोळ्यांचा हिंगूळ बसलेला होता.

ही गोष्ट अवसरी बुद्रुकमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भरत ती दर लग्नात सांगतो. चौऱ्याहत्तर साली भिमाजीनं पुण्याच्या कॅम्पातल्या एका साहेबाकडून ही दोन माणसांची विलायती ट्रायम्फ घेतली आणि स्वतः चालवत गावात आणली. त्याच वर्षी भादवी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल हिंगूळ गाडीच्या बॉनेटखाली लावला, आणि वेशीच्या तोरणाखालून पहिली गाडी गेली, मागून बैल. तेव्हापासून दर पोळ्याला तेच. नऊ वर्षांपूर्वी शेवटची बैलजोडी विकली, पण बॉनेटखालचा हिंगूळ चुकला नाही. थरावर थर, थरावर थर. बोट टेकवलं तर नखात पोपडा यायचा.

तो सगळा काढून खण मुळासारखा रंगवायचं काम भिमाजीच्या धाकट्या लेकाच्या पोरीनं अंगावर घेतलं होतं. अक्षदा सहा वर्षं चाकणला एका गाड्यांच्या रंगशाळेत होती. तिनं रंगवलेल्या गाड्यांवर सही सुपरवायझरची, आणि कुठे डाग राहिला तर नाव मात्र हिचं. श्रावणात ती ते काम सोडून घरी आली. तिला स्वतःचं दुकान हवं होतं, आणि दुकानाला हे शेड.

"शेड?" भरत तेव्हा हसला होता. "शेडात माझं प्रचाराचं ऑफिस हाय. निवडणूक झाली की स्वराजचा कॅफे. पोरीच्या जातीनं पत्र्याखाली बसून डबे घासायचे, आन रस्त्यानं जानाऱ्यांनी बघायचं?"

शेड भिमाजीच्या नावावर. त्यामुळे बुधवारी जेवताना विषय त्याच्यासमोर गेला आणि तिथेच शर्त लागली. अक्षदानं गाडीचं जुनं नोंदणीपुस्तक ताटाशेजारी ठेवलं. रंगाच्या रकान्यात साहेबी अक्षरात 'ग्रीन' लिहिलेलं होतं.

"आबा, गाडी मुळात हिरवी आहे. लाल रंग नंतरचा."

ऐंशी वर्षांचा भिमाजी भाकरी मोडता मोडता थांबला. "त्या कारकुनाचा डोळा फुटका असंल. चार गाड्या उभ्या व्हत्या साहेबाच्या दारात. त्यातनं म्या माझ्या डोळ्यानं लाल निवडली. तू मला शिकवती?"

"मग खरवडून बघू."

"बघू की. खाली हिरवा निघाला तर शेड तुझं, भरतनं तोंड उघडायचं न्हाई. आन लाल निघाला तर तू निमूट चाकणला कामावर जायाचं, शेड भरतचं. हाय कबूल?"

"कबूल."

भरत इतका खूश झाला की त्यानं आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, आणि आबांची नजर तर साऱ्या तालुक्यात नावाजलेली. नारायणगावच्या बाजारात भिमाजीचा टमाटा व्यापारी क्रेट न उघडता घ्यायचे. कच्चा नाही, पिचका नाही, सगळा एका रंगाचा.

तर आज रविवार. अक्षदानं तोंडाला फडकं बांधलं होतं. एका हातात हीट गन, दुसऱ्या हातात रंग खरवडायची पत्री. तारा वर बांधून प्लॅस्टिकात गुंडाळल्या होत्या, बॅटरी बाहेर, खण डिझेल आणि ब्रशनं दोनदा धुतलेला. गरम हवेनं हिंगूळ फुगायचा, की पत्री खालून सरकवायची. लाल पोपडे पायाशी पडत होते. बॉनेट धरून भागू उभा होता. घाटघरचा, चाळीस वर्षं या घरात बैल राखलेला. बैल गेले तरी तो राहिला, कारण जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

"किती धूर! कॅन्सर व्हईल," भरत म्हणाला.

"मग लांब उभे राहा नाना."

"लांब कशाला? लक्ष ठेवायला नको? तू खालचा लालबी खरवडून टाकशील आन म्हनशील हिरवा व्हता."

स्वराज, भरतचा एकुलता, मोबाइल उंच धरून गाडीभोवती फिरत होता. "ताई, जरा इकडं बघ. फडकं काढ ना, फेस दिसत नाही."

"वाफ फुफ्फुसात गेली की फेसचं काय करू?"

"अगं, व्ह्यूज!"

"तू माझी हीट गन धर दोन मिनिटं. तेवढंच काम केल्याचे व्ह्यूज येतील."

स्वराजनं मोबाइल दुसऱ्या हातात घेतला आणि लांब सरकला. कामाच्या वाऱ्याला उभं न राहण्याचा गुण त्यानं बापाकडून घेतला होता, आणि बाकी काही घेण्यासारखं नव्हतंही.

अमृत या सगळ्यापासून चार हात दूर, क्रेटच्या थप्पीला टेकून उभा होता. अक्षदाचा बाप. शिनोलीच्या शाळेत मास्तर. तो स्वतःला तटस्थ म्हणवायचा. घरात त्या तटस्थपणाचा अर्थ सगळ्यांना पाठ होता: जो शेवटी बोलेल, मास्तर त्याच्या बाजूला. बुधवारी शेवटी अक्षदा बोलली होती, म्हणून बुधवारपासून तो तिच्या बाजूला होता.

भरत हळूच त्याच्याजवळ आला.

"अमृत, दिवाळीनंतर तुमच्या मुख्याध्यापकाची जागा रिकामी होतीये म्हनं."

"ऐकलंय खरं."

"संस्थेच्या मंडळावर कोन हाय?"

"तू आहेस, दादा."

"मंग? सतरा वर्सं तू तिथं एसटीनं धक्के खात जातो. मला भाऊ म्हनून वाईट वाटत न्हाई व्हय?" भरतनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरीचं मनावर घेऊ नको. पोरी काय, आज रंग, उद्या रांगोळी. शेड गेलं म्हनून ती काय मरत न्हाई."

अमृतनं खांद्यावरचा हात झटकला नाही. त्याला लाज वाटली, हे मात्र खरं. पण लाज वाटण्याची त्याला सवय होती, आणि मुख्याध्यापक व्हायची नव्हती. त्यानं लेकीच्या पाठीकडे बघितलं. ती खणात कमरेपर्यंत वाकलेली होती आणि तिला आपला बाप विकला जातोय याची खबरही नव्हती. शाळेचा विचार करता करता त्यानं क्रेटवरची धूळ बोटानं पुसली.

"बघू," तो म्हणाला. भरतला तेवढं पुरे झालं.

साडेअकराच्या सुमाराला पत्रीचा आवाज बदलला. पोपड्याखाली आता गुळगुळीत, घट्ट काहीतरी लागत होतं. अक्षदानं हीट गन बंद केली, थिनरचा बोळा फिरवला. डाव्या बाजूच्या पत्र्यावर तळहाताएवढा तुकडा उघडा झाला. गर्द हिरवा. जुन्या काचेच्या बाटलीसारखा. भोवती लाल थरांच्या कडा, आत तो हिरवा, आणि अजून चमक होती त्याला.

अक्षदानं फडकं खाली ओढलं. सहा वर्षांत कुणी तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

"आबा! या. बघा."

भिमाजी खुर्चीवरून उठला. काठी न घेता आला. भरत, स्वराज, अमृत, सगळे पुढे सरकले, आणि सगळ्यांनी तो तुकडा पाहिला. भरतच्या चेहऱ्याचा रंग बघण्यासारखा झाला. स्वराजचा मोबाइल खाली आला. हिरवा म्हणजे हिरवा होता, त्यात वादाला जागाच नव्हती.

भिमाजीनं वाकून, डोळे बारीक करून बघितलं. मग पाठ सरळ केली.

"लाल," तो म्हणाला. "म्हनलं नव्हतं? गड्या, मला शिकवीत व्हती."

अक्षदा हसली. "आबा, चेष्टा नका ना करू."

"चेष्टा कशाची? ह्यो काय लाल. जरा काळपट पडलाय, येवढंच."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचा आवाज सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकला. भरतला राजकारणात काही जमलं नसेल, पण आयतं ताटात पडलेलं उचलायला त्याला कधी वेळ लागला नाही.

"लालच की," तो म्हणाला. "लालभडक! आबा, तुमची नजर म्हंजे नजर."

"नाना?" अक्षदानं त्याच्याकडे बघितलं.

"काय नाना? डोळं फुटलं का तुझं? स्वराज, सांग रे तिला."

स्वराजनं बापाकडे बघितलं, मग तुकड्याकडे, मग मोबाइलकडे. "रेडच आहे ताई. म्हणजे, डार्क रेड."

"पप्पा?" अक्षदा म्हणाली.

अमृतनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. चष्मा स्वच्छच होता. "बेटा, उजेडाचा फरक असतो. पण... लालसरच म्हणावा लागेल."

"भागूदादा, तुमी सांगा की!" भरतला आता जोर चढला होता. "घरातल्या मानसापरास जुनं मानूस. सांगा, कंचा हाय?"

भागूनं बॉनेट दुसऱ्या हातात घेतलं. "मला मोतीबिंदू हाय भाऊ. समदं धुरकट दिसतं."

"कधीपास्नं?"

"झाली असतील पाच मिनटं."

अक्षदाचं लक्ष या कुणाकडेच नव्हतं. ती आबांकडे बघत होती. भिमाजीच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. शर्त जिंकलेल्या म्हाताऱ्याचा साधा आनंद होता, आणि तो त्याच समाधानानं त्या हिरव्या तुकड्याकडे बघत होता. चाकणला कामावर घेताना ठिपक्यांचं एक पुस्तक दाखवतात. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा. तिच्याआधी रांगेत उभ्या असलेल्या एका तगड्या गड्याला तो आकडा दिसला नव्हता. लाल आणि हिरवं त्याला एकच वाटायचं, आणि त्या दिवसापर्यंत त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. त्याचा उतरलेला चेहरा तिला आठवला. तोंडाशी आलेलं वाक्य तिनं गिळलं. ते बोलली असती तर शेड तिचं झालं असतं. पण आबांना दिसत नाही, हे भरतनानासमोर, स्वराजच्या मोबाइलसमोर, सगळ्यांच्या तोंडावर तिला सांगावं लागलं असतं.

"बोल की आता," भरत म्हणाला. "बुधवारी लई तोंड चालत व्हतं."

अक्षदानं हीट गनचा प्लग काढला आणि वायर कोपरावर गुंडाळायला लागली.

शेडच्या दाराशी, चहाची किटली घेऊन, भिमाजीची बहीण बयाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. वायर गुंडाळणारी पोरगी तिनं बघितली. आपण एका पोरीचं शेड गिळायला निघालोय, हे तिला त्या क्षणी कळलं. कारण हे सगळं तिचंच कर्तृत्व होतं.

लग्नानंतर दीड वर्षात ती माहेरी परतली तेव्हा या घरात तिला कुणी विचारत नव्हतं. मग एका टमाट्याच्या तोडणीला भावानं कच्चे हिरवेगार टमाटे पाटीत भरताना तिनं पाहिलं. ओरडली नाही. जवळ जाऊन काढून टाकले. दुसऱ्या दिवशीही तेच. दादाला पिकलेलं आणि कच्चं एकसारखंच दिसतं, हे तिला आठवड्यात समजलं, आणि दादाला ते मरेपर्यंत समजू द्यायचं नाही हेही तिनं ठरवलं. तेव्हापासून बांधावर उभा राहून भिमाजी उगाच दरडावल्यासारखा विचारायचा, "बये, कंचा?" आणि ती सांगायची. त्याला वाटायचं, आपण बहिणीची परीक्षा घेतोय. तालुका ज्या नजरेची तारीफ करत होता ती नजर लुगड्याच्या पदराआड होती, आणि त्या बदल्यात तिला या घरात दोन वेळचं अन्न आणि थोडा मान मिळाला.

आणि ही गाडी! चौऱ्याहत्तर सालात तो हॉर्न वाजवत मळ्यात शिरला, "बये, लाल गाडी आनली!" म्हणत. गाडी हिरवीगार. नशीब, रस्त्यानं अंधारून आलं होतं आणि कुणी नीट पाहिली नव्हती. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, म्हणाली, "दादा, पोचं लई हायेत, मंचरला रंगाला टाक." आणि रंगाऱ्याला स्वतः जाऊन सांगून आली, लाल मार. रंगाऱ्यानं बाहेरून मारला. इंजिनाखालचं कोण काढतो? बॉनेट उघडलं की आत हिरवं तसंच. म्हणून पोळ्याला उरलेला हिंगूळ तिनं तिथे फासला आणि भावाला सांगितलं, "गाडीबी बैलच की आपला, मानाचा." गरम झाला की पोपडे निघायचे, म्हणून दर वर्षी परत. भरत लग्नालग्नांत मिरवतो ती परंपरा म्हणजे एका बाईनं भावाची लाज झाकायला घातलेला एक्कावन्न थरांचा पदर होता.

ती किटली खाली ठेवून तशीच उभी राहिली. बोलावं तर भाऊ जातो, गप्प बसावं तर पोरगी. तिनं गप्प बसायचं ठरवलं होतं, खरं सांगायचं तर. पन्नास वर्षांची सवय एका सकाळी मोडत नाही.

पण भिमाजी वायरीकडे बघत होता.

"ही भांडत का न्हाई?" तो म्हणाला.

"हारली ना आबा," भरत हसला. "हारल्यावर मानूस गप बसतं."

"तू दोनदा हारलास, कधी गप बसला?" भिमाजीनं मान वळवली नाही. "ही पोरगी न भांडता पाट्यावरचा वरवंटाबी देत न्हाई. शेडासाठी श्रावनापास्नं जीव टाकला, आन येका शबुदात वायर गुंडाळती?"

त्यानं पुन्हा वाकून तुकड्याकडे बघितलं. बोट फिरवलं. मग भरतकडे, अमृतकडे, स्वराजकडे एकेकदा बघितलं. अमृतनं नजर खाली घातली. म्हाताऱ्याला रंग दिसत नसेल, पण खाली गेलेली नजर दिसत होती.

"बये," त्यानं हाक मारली. बांधावरून मारायचा तशीच. "कंचा?"

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. बयाबाई दोन पावलं आत आली.

"दादा..."

"कंचा हाय ते सांग."

"हिरवा," बयाबाई म्हणाली.

"आत्या, काय बी काय बोलती?" भरत पुढे झाला.

"तू गप," भिमाजी म्हणाला. तो आवाज गेल्या दहा वर्षांत कुणी ऐकला नव्हता. "बये, पयल्यापास्नं?"

"पयल्यापास्नं."

"आन टमाटं?"

तिनं होकाराची मान हलवली. भिमाजी ट्रॅक्टरच्या टायरच्या कडेवर, इंजिनाला पाठ लावून खाली बसला. भागूनं पाणी पुढे केलं, ते त्यानं घेतलं नाही. आपलं सगळं आयुष्य कुणीतरी डोळ्यांदेखत पाटीतून उपसून दुसऱ्याच पाटीत ओतावं, तसं त्याला वाटलं. राग बहिणीचा यायला हवा होता. पण तिनं तर पन्नास वर्षं खरं काय तेच सांगितलं होतं, दर वेळी, त्यानं विचारलं तेव्हा. त्याला राग आला तो वेगळ्याच लोकांचा.

"बाजारात लई येपारी भेटले," तो हळू म्हणाला. "मला वाटायचं, ह्या भिमाजीला कच्चा माल पिकला म्हनून कुनी गळ्यात मारू शकत न्हाई. घरातच माझं दोघं ल्योक निघाले." त्यानं अमृतकडे बघितलं. "मास्तर, पोरांना साळंत रंग शिकिवता ना? तिथं काय सांगता, लालसर म्हनावा लागंल?"

मुख्याध्यापकाची खुर्ची अजून अमृतच्या डोळ्यांसमोरून हलली नव्हती, हेच त्याला सगळ्यात वाईट वाटत होतं.

"आबा, आमी तुमचा मान राखला," भरत म्हणाला. "चारचौघांत तुमाला आंधळं म्हनायचं?"

"माझा मान व्हय? शेड कुनाला मिळनार व्हतं रं?"

"तसं न्हाई..."

"स्वराज, त्या डबड्यात समदं घेतलं का? तुझा बाप लालभडक म्हनला ते?"

"घेतलंय आबा," स्वराज म्हणाला, आणि बापाचा चेहरा बघून मोबाइल खिशात घातला.

"ऱ्हाऊ दे. निवडनुकीला कामाला यील." भिमाजीनं गुडघ्यावर हात ठेवला. "शेड पोरीचं. शर्त ती जिंकली. आन गाडीचा आतला रंग हिरवा द्यायचा, आन भायेरचाबी."

भरत खरोखर घाबरला. "बाहेरचा? आबा, फ्लेक्स छापून झालेत! 'लाल गाडीचा वारसदार' म्हनून. सतरा गावांत लावायचेत."

"मंग तू लाल रंग फासून हुबा ऱ्हा. गाडी कशाला पायजे?"

भागू बॉनेटआड तोंड लपवून हसला. भरतनं शर्टाची बाही नीट केली, बाहेर जाऊन जीप सुरू केली, आणि उभ्या उभ्या ती तशीच चालू ठेवली. बोलवायला कुणी येईल असं त्याला वाटत होतं. कुणी गेलं नाही. स्वराजसुद्धा गेला नाही. त्याला चहा हवा होता.

बयाबाईनं कप भरले. पहिला भावाला दिला. त्यानं तो घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही, आणि तिनंही ते मागितलं नाही. एवढं एका दिवसात फिटणार नव्हतं.

भिमाजी अक्षदाकडे वळला. ती वायर हातात धरून अजून तिथेच उभी होती.

"तुला दिसत व्हतं."

"हो."

"मला दिसत न्हाई, हेबी कळलं व्हतं तुला."

अक्षदानं मान डोलावली.

"मंग का गप बसलीस?"

"चार लोकांत कसं सांगू, आबा?"

"शेड गेलं असतं की गं तुझं."

"गेलं असतं," ती म्हणाली.

भिमाजीनं कप बाजूला ठेवला. चहा कपात निवत गेला. मग त्यानं हात पुढे केला, अक्षदानं धरला, आणि तिच्या आधारानं तो उठून पुन्हा गाडीपाशी आला. तळहात त्या उघड्या तुकड्यावर ठेवला.

"आता सांग," तो म्हणाला. "मोठ्यानं सांग. भायेर जीपमधी बसलाय त्यालाबी ऐकू जाऊ दे."

"हिरवा आहे, आबा," अक्षदा हळूच म्हणाली.

"आनखी."

"हिरवा आहे!"